सातपूर ते सिन्नर जोडायचंय: व्हीपीएन, लीज्ड लाइन की आहे तेच बरं?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, मी मात्र हिशेब बघणारा माणूस. आमचं सातपूर एमआयडीसीत मशिनिंगचं युनिट आहे. आता सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत दुसरं शेड घेतलंय. तिथे स्टोअर, डिस्पॅच आणि दोन-चार टेबलं. टॅली आणि उत्पादनाचं सॉफ्टवेअर, दोन्ही सातपूरच्या सर्व्हरवर. सिन्नरच्या पोरांना चलन तिथूनच काढता आलं पाहिजे, आणि मालकांना रात्री घरून स्टॉक बघायचा असतो.

सध्या जुन्या व्हेंडरने राउटरमध्ये "पोर्ट उघडून" दिलंय, त्यावरून सगळे सर्व्हरवर रिमोट लॉगिन करतात. चालतंय. नवीन व्हेंडर म्हणतो हे ताबडतोब बंद करा. लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याची स्वतंत्र तार घ्या, नाहीतर व्हीपीएन बॉक्स घ्या. कोटेशन वाचून मालकांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी इथे आलो.

व्हीपीएन नक्की करतं काय? आणि माझ्या भाच्याच्या मोबाईलमध्ये फुकटचं व्हीपीएन आहे, त्यावर तो परदेशी मालिका बघतो. ते आणि हे एकच का? एकच असेल तर पैसे कशाला द्यायचे?

पेठकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एकच नाही. पहिल्याचं उत्तर देणारे येतीलच. तोवर रुमाल टाकून ठेवतो.

तांबडा_रस्सा

भाच्यालाच बोलवा की राव, वडापाववर जोडून देईल.

वायरमन

सातपूरकर, आधी ते उघडलेलं पोर्ट. ३३८९ आहे का? पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार; रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दूर बसून सर्व्हर चालवायच्या सोयीचं, ठरलेलं पोर्ट ते. असेल तर बाकीचा धागा नंतर वाचा. प्रशासक खात्याचा पासवर्ड बदला, पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क सर्व्हरला लावून ठेवू नका. काढून कपाटात ठेवा.

इंटरनेटवरचे सगळे पत्ते एकेक करून चाचपणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. उघडं ३३८९ दिसलं की पासवर्ड लावून बघणं सुरू होतं, आणि हे काम यंत्रच करतं, त्यामुळे "आमच्या एवढ्याशा कंपनीत कोण येतंय" याला अर्थ नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांची ही आवडती वाट आहे. शिवाय मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात पासवर्डचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा कधीच सेवानिवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. यावरून काय ते समजा.

व्हीपीएनबद्दल रात्री लिहितो, आत्ता साइटवर आहे.

सातपूरकर

३३८९ च आहे. पासवर्ड बदलला. कोणता होता ते इथे लिहीत नाही.

पेठकर

कंपनीचं नाव आणि पुढे १२३.

सातपूरकर

पेठकर, तुम्ही कधी आला होतात आमच्याकडे?

वायरमन

हं, आता मूळ प्रश्न.

सातपूरच्या आत तुमच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० असा काहीतरी असेल. हा खासगी पत्ता. १९२.१६८ ने, १० ने आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत. १९९६ पासून ही वाटणी पक्की आहे. शेजारच्या युनिटमध्येही हाच पत्ता असू शकतो, माझ्या घरीही. म्हणून सिन्नरच्या संगणकाने नुसतं १९२.१६८.१.१० कडे पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पाठवलं तर इंटरनेट ते तुमच्या सर्व्हरपर्यंत नेऊच शकत नाही.

व्हीपीएन असेल तर सिन्नरचा राउटर ते आख्खं पॅकेट, आतल्या खासगी पत्त्यासकट, एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करतो. मग ते एका नव्या लखोट्यात घालतो आणि त्यावर सातपूरच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता लिहितो. मधल्या सगळ्यांना, तुमच्या इंटरनेट कंपनीलाही, बाहेरचा लखोटा तेवढा दिसतो: कुठून निघाला, कुठे चालला, किती वाजता, किती मोठा. सातपूरचा राउटर लखोटा फोडतो, आतलं पॅकेट उघडतो आणि आपल्या जाळ्यात सोडून देतो. सर्व्हरला वाटतं हा संगणक याच इमारतीतला. यालाच टनेल म्हणतात. प्रत्यक्षात वेगळी तार वगैरे काही नाही. तेच इंटरनेट, तेच राउटर.

आता एन्क्रिप्ट करायची किल्ली दोन्हीकडे सारखी हवी आणि ती तारेवरून उघडी पाठवून चालणार नाही. यावरचा उपाय व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडला. दोन्ही बाजू काही आकडे उघडपणे एकमेकींना देतात, पण प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवलेला गुप्त आकडा त्यात मिसळला की दोघींकडे एकच किल्ली तयार होते, आणि मधे बसून सगळं ऐकणाऱ्याला ती काढता येत नाही. आजची बहुतेक व्हीपीएन याच पायावर उभी आहेत, गणित तेवढं सुधारलंय. किल्ल्या सतत बदलतात. वायरगार्ड नावाच्या पद्धतीत साधारण दर दोन मिनिटांनी.

पण लोक एन्क्रिप्शनवरच अडून बसतात. माझ्या मते कंपनीच्या दृष्टीने मोठं काम दुसरं: समोरचं यंत्र किंवा माणूस आपला आहे का, हे आत घेण्याआधी तपासणं. तुमचं ३३८९ आज जगातल्या कोणालाही लॉगिनची खिडकी दाखवतंय. व्हीपीएन लावल्यावर ती खिडकी फक्त ओळख पटलेल्यांना दिसेल.

एक व्यवहारातली गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण हमखास इथेच घोळ होतो. सिन्नरला नवा राउटर आणाल तो बहुधा १९२.१६८.१ हीच मालिका घेऊन येईल. तशीच ठेवलीत तर दोन्हीकडे एकच पत्ते होतील आणि सातपूरचा सर्व्हर आपल्याच खोलीत आहे असं समजून सिन्नरचा संगणक तो तिथेच शोधत बसेल. सिन्नरला १९२.१६८.२० द्या. आणि सातपूरची मालिकाही १९२.१६८.१ असेल तर जमल्यास बदला, कारण मालकांच्या घरच्या राउटरवरही तीच असण्याची दाट शक्यता आहे.

कोरा_कागद

सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. मग एकाच बाजूला स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) असला तर चालतो की दोन्हीकडे लागतो?

वायरमन

एका बाजूला पुरतो. ज्या बाजूला स्थिर सार्वजनिक पत्ता आहे तिने वाट बघायची, दुसरीने फोन लावायचा. पण तो पत्ता खरोखर सार्वजनिक आहे का ते बघा. मोबाईल सिमवर आणि बऱ्याच स्वस्त ब्रॉडबँडवर कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला दिसला तर तुम्ही त्या गर्दीत आहात. बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. सातपूरला स्थिर आयपी मागून घ्या, लेखी घ्या. सिन्नरला सिमवरचा राउटर असला तरी भागेल.

रोकडवही

मी एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे. लीज्ड लाइनला इथे कोणी वाली दिसत नाही म्हणून लिहितो.

कोअर बँकिंग आलं तेव्हा शाखा जोडायला लीज्ड लाइन, आणि जिथे तार पोचत नाही तिथे उपग्रहावरून चालणारं व्हीसॅट, असाच मामला होता. अमुक शाखेपासून डेटा सेंटरपर्यंत ठरलेली वाट, ठरलेला वेग, आणि तुटली तर दुरुस्तीला किती तास, हे करारात. पुढे एमपीएलएस आलं. त्यात टेलिकॉम कंपनी आपल्याच जाळ्यात तुमच्या शाखांसाठी वेगळा कप्पा करून देते. गंमत म्हणजे त्यालाही व्हीपीएनच म्हणतात, पण त्यात एन्क्रिप्शन मुळात नसतं. दुसऱ्या ग्राहकाला तुमचा डेटा दिसत नाही, टेलिकॉम कंपनीच्या आतल्या माणसाला मात्र तो उघडाच. म्हणून आम्ही एमपीएलएसवरूनही वर आयपीसेकचं, म्हणजे एन्क्रिप्शन असलेलं, टनेल चालवतो. लेखापरीक्षकाचा हा पहिला प्रश्न असतो.

साध्या ब्रॉडबँडवरच्या व्हीपीएनला वेगाची हमी कोणी देत नाही, हे सातपूरकरांनी लक्षात ठेवावं. टनेल कितीही चांगलं असो, खालची तार तुटली की तेही गेलं. सिन्नर रस्त्याला खोदकाम सुरू झालं की कळेल.

वायरमन

सहमत, पण प्रमाण बघा. बँकेच्या शाखेत रांग उभी असते. इथे दोन-चार टेबलं आहेत. लीज्ड लाइनच्या भाड्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं ब्रॉडबँड आणि वर एक सिम सहज बसेल, आणि एक गेलं की राउटर आपोआप दुसऱ्यावर जाईल. कंपन्यांनी व्हीपीएन उचलून धरलं ते मुळात याच हिशेबाने. प्रत्येक गावापर्यंत स्वतःची तार भाड्याने घेण्याऐवजी, जिथे जे इंटरनेट मिळेल ते घ्या आणि सुरक्षितता आपण टोकाला बसवू.

गावठी_गीक

थोडा इतिहास टाकतो, कारण व्हेंडर लोक अजून जुना माल गळ्यात मारतात.

विंडोजवाल्यांच्या परिचयाचं पहिलं व्हीपीएन म्हणजे पीपीटीपी. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने १९९६ च्या सुमारास आलं. ते बनवणाऱ्यांत गुरदीप सिंग पॉल हे भारतीय वंशाचे अभियंता होते. जोडायला अतिशय सोपं, म्हणून गावोगाव पसरलं. १९९८ पासूनच त्यातल्या कच्च्या जागा दाखवल्या जात होत्या, आणि २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनी त्याची पासवर्डची देवाणघेवाण एका दिवसाच्या आत फोडून दाखवायची सोयच उभी केली. ॲपलने २०१६ मध्ये आयफोनमधून पीपीटीपी काढून टाकलं. तुमच्या कोटेशनमध्ये ही चार अक्षरं असतील तर कोटेशन परत करा.

आयपीसेक: १९९५ पासूनचं मानक, राउटर-राउटर जोडायला आजही सगळीकडे. भक्कम आहे, पण दोन कंपन्यांचे बॉक्स जोडताना डोक्याला ताप. एका बाजूची एक निवड चुकली तरी टनेल उभं राहत नाही आणि कारणही नीट सांगत नाही.

ओपनव्हीपीएन: २००१. जेम्स योनान मध्य आशियात फिरताना दूरवरून काम करत होते, आणि आपला डेटा कुठल्याकुठल्या देशांच्या तारांवरून जातोय या काळजीतून त्यांनी ते लिहिलं. नेहमीच्या वेबसाइटच्या ४४३ पोर्टवरूनही चालतं, म्हणून हॉटेलच्या कडक वायफायमधूनही सहसा निसटतं.

वायरगार्ड: जेसन डोनेनफेल्ड यांचं. साधारण चार हजार ओळींचा कोड, म्हणजे एक माणूस बसून वाचून काढू शकेल एवढा. बाकीच्यांच्या बाबतीत हे विसराच. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) ५.६ आवृत्तीत समाविष्ट झालं. याचा मला सर्वांत आवडणारा गुण: अनोळखी पॅकेटला ते उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. सातपूरकरांसाठी मी हेच सुचवेन.

हिंजवडी_फेज_३

थोडं अवांतर. आमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू केलं की सगळंच मंद होतं, साध्या बातम्यांची साइटसुद्धा. आणि कंपनीला माझं घरचं सगळं दिसतं का?

गावठी_गीक

अवांतर कसलं, हाच तर मुद्दा. व्हीपीएन दोन प्रकारे लावता येतं. एकात फक्त कंपनीच्या पत्त्यांसाठीची पॅकेटं टनेलमध्ये जातात, बाकी थेट. दुसऱ्यात सगळंच टनेलमध्ये. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. तुमचं गेटवे, म्हणजे टनेलचं कंपनीकडचं टोक, समजा फ्रँकफर्टला असेल तर पुण्यातली बातमी वाचायलाही पॅकेट जर्मनीला जाऊन परत येणार. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई–फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. एका पानासाठी अशा कित्येक फेऱ्या होतात.

कंपन्या तरीही तसं करतात, कारण मग सगळी रहदारी त्यांच्या फायरवॉलमधून (रहदारी तपासणाऱ्या चौकीतून) जाते, नोंद राहते. म्हणजे हो, कोणत्या साइटवर गेलात हे दिसतं. आतला मजकूर एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनमुळे, सहसा दिसत नाही, पण कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीचं प्रमाणपत्र बसवलेलं असेल तर तेही उघडता येतं. आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर व्हीपीएन बंद केल्याने तुम्ही मोकळे झालात असं समजू नका, त्यावर इतर प्रोग्राम बसलेले असतात. घरचं काम घरच्या यंत्रावर.

लाल_मिरची

मार्च २०२० आठवतोय का कोणाला? मी तेव्हा पुण्यात एका बीपीओच्या नेटवर्क टीममध्ये होते. ऑफिसमधले थोडेफार लोक बाहेरून काम करतील या हिशेबाने घेतलेलं गेटवे, आणि एकदम आख्खी कंपनी घरी. परवाने संपले, बँडविड्थ संपली, लोक पाळीपाळीने लॉगिन करत होते. तेव्हा मायक्रोसॉफ्टच स्वतः सांगत होतं की ऑफिस ३६५ ची रहदारी टनेलमधून काढा, थेट जाऊ द्या.

त्यात बीपीओंसाठी सरकारी नियम वेगळेच. घरून काम करणाऱ्याने टेलिकॉम कंपनीनेच पुरवलेलं व्हीपीएन वापरावं अशी अट होती. दूरसंचार विभागाने मार्चमध्ये ती तात्पुरती बाजूला ठेवली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच सुटसुटीत केले. आज घरी बसून कॉल घेणारी पोरं दिसतात त्यामागे हे आहे. नुसतं सॉफ्टवेअर असून भागलं नसतं.

सातपूरकर

सगळं वाचतोय, समजतंयही बरंच. पण भाच्याच्या व्हीपीएनचं राहिलं.

लाल_मिरची

यंत्रणा तीच, हेतू उलटा. तुमच्या टनेलचं दुसरं टोक तुमच्याच इमारतीत. भाच्याच्या टनेलचं टोक अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथून पुढे ते उघड्या इंटरनेटवर. म्हणजे त्याने आपल्या इंटरनेट कंपनीपासून लपवलं आणि या दुसऱ्या कंपनीला दाखवलं. विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो, तो कोणावर हे फक्त बदललं.

फुकट असेल तर विचारायलाच नको. 'होला' म्हणून फुकट व्हीपीएन होतं. २०१५ मध्ये उघड झालं की वापरणाऱ्यांच्याच इंटरनेटवरून इतरांची रहदारी बाहेर काढली जाते आणि ती क्षमता दुसऱ्या नावाने विकली जाते. फेसबुकने २०१३ मध्ये 'ओनावो' विकत घेतलं, वरून सुरक्षेचं ॲप, आतून लोक कोणती ॲप किती वापरतात याची मोजदाद. ॲपलने २०१८ मध्ये ते आपल्या दुकानातून काढायला लावलं, पुढच्या वर्षी फेसबुकने गुंडाळलं.

आणि कॅफेच्या वायफायवर व्हीपीएन नसेल तर बँक खातं रिकामं होईल अशा जाहिराती चालतात, त्याही अतीच. बँकेची साइट एचटीटीपीएसवर असते, ती एन्क्रिप्टेडच आहे.

पेठकर

पण भारतात व्हीपीएनवर बंदी आली होती ना मध्ये?

वायरमन

बंदी नाही. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले: व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी वगैरे माहिती ५ वर्षं जपून ठेवायची. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. ही अट सर्वसामान्य ग्राहकांना सेवा विकणाऱ्यांना आहे. कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही, असं सर्ट-इननेच प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं. सातपूरकर निर्धास्त राहा. मात्र त्याच निर्देशांत दोन गोष्टी आहेत: सायबर घटना घडली तर ६ तासांत कळवायची, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या. राउटरच्या नोंदी कुठेतरी साठवायची सोय व्हेंडरकडून करून घ्या.

देरा_दुबई

दुबईहून. इथे व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, म्हणून गावाकडून आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात विचारतो, कोणतं व्हीपीएन टाकू? इथला कायदा नीट वाचा. व्हीपीएन ठेवणं गुन्हा नाही; कंपन्या, बँका, संस्था आपल्या अंतर्गत जाळ्यासाठी वापरू शकतात, हे इथल्या नियामकाने सांगितलेलं आहे. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला तर दंड ५ लाख दिरहॅमपासून २० लाखांपर्यंत. आईशी बोलायला परवानगी असलेली ॲप आहेत, ती वापरा. उगाच भाच्यांचं ऐकू नका.

तांबडा_रस्सा

भाचा नाहक बदनाम झाला या धाग्यात.

रोकडवही

व्हीपीएन घेतलं की सुटलो, असं वाटू नये म्हणून एक प्रकरण. मे २०२१, अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन. पूर्व किनाऱ्याला पेट्रोल-डिझेल पुरवणारी, जवळपास ८,८५० किलोमीटरची. डार्कसाइड नावाची टोळी आत शिरली ती एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्याला पासवर्डशिवाय दुसरी कुठलीच तपासणी नव्हती. कंपनीला पाइपलाइन थांबवावी लागली, पंपांवर रांगा लागल्या, ७५ बिटकॉइन खंडणी दिली, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर. त्यातले बरेचसे बिटकॉइन अमेरिकी न्याय खात्याने पुढे परत मिळवले, पण नाचक्की व्हायची ती झाली. मुख्याधिकाऱ्याला सिनेटपुढे उत्तरं द्यावी लागली.

आमच्याकडे म्हणून राजीनामा मंजूर झाला की मनुष्यबळ विभागाचा कागद आधी आमच्याकडे येतो. हिशेबाची पूर्तता नंतर.

गावठी_गीक

आणि बॉक्सच फुटका निघाला तर? जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टीच्या व्हीपीएन गेटवेमध्ये अशा त्रुटी सापडल्या की लॉगिन न करताच आत जाता येत होतं. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना ४८ तासांत ते गेटवे जाळ्यातून काढा असा आदेश दिला. २०१९ मध्ये पल्स सिक्युअर आणि फोर्टिनेटच्या बॉक्सचीही अशीच प्रकरणं गाजली. व्हीपीएनचा बॉक्स स्वभावतःच चोवीस तास जगाकडे तोंड करून बसलेला असतो. त्याच्या अपडेट कोण, कधी टाकणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

म्हणूनच मोठ्या कंपन्या या कल्पनेपासूनच दूर चालल्यात. २००९ मध्ये स्वतःवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर गूगलने आपल्या लोकांसाठी 'बियाँडकॉर्प' उभं केलं. त्यात आतलं जाळं आणि बाहेरचं जाळं असा भेदच नाही. प्रत्येक सेवेपाशी प्रत्येक वेळी माणूस आणि यंत्र दोन्ही तपासायचं. झीरो ट्रस्ट म्हणतात ते हेच. व्हीपीएनमध्ये एकदा आत आलेला माणूस आख्ख्या जाळ्यात हिंडू शकतो, हा दोष मान्य करा.

वायरमन

हा दोष व्हीपीएनचा नाही, लावणाऱ्याचा. सिन्नरच्या संगणकांना सातपूरच्या एका सर्व्हरचा एकच पोर्ट, बाकी सगळं बंद, असा नियम राउटरवर पाच मिनिटांत होतो. लोक करत नाहीत एवढंच. आणि झीरो ट्रस्टची महिना-दरमाणशी वर्गणी गूगलला परवडेल, मशिनिंगवाल्याला दोन टेबलांसाठी कशाला?

गावठी_गीक

दोन टेबलांसाठी नको, मान्य. पण लाल_मिरची यांच्यासारख्या आख्ख्या कंपनीसाठी व्हीपीएनच धरून बसणं मला पटत नाही.

वायरमन

त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

सातपूरकर

मंडळी, काम झालंय बरंचसं. सातपूरला स्थिर आयपी घेतला, दोन्हीकडे वायरगार्ड चालणारे मायक्रोटिक राउटर बसवले, सिन्नरची मालिका १९२.१६८.२० केली. व्हेंडरने "हे कोणी सांगितलं तुम्हाला" असं विचारलं. टनेल उभं आहे, सिन्नरहून सर्व्हरला पिंग (पोच तपासायचं छोटं पॅकेट) जातं. पण उत्पादनाच्या सॉफ्टवेअरचं पान अर्धवट उघडून अडकतं. लॉगिनची चौकट येते, मोठा स्टॉक रिपोर्ट येतच नाही. व्हेंडर म्हणतो लाइन खराब.

वायरमन

लाइन नाही, पॅकेटचं माप. साध्या जाळ्यात पॅकेट १५०० बाइटचं असतं. वायरगार्ड बाहेरच्या लखोट्यासाठी त्यात ६० ते ८० बाइट घेतं, म्हणून आतल्या पॅकेटला १४२० ची मर्यादा असते. तुमचा सर्व्हर १५०० चंच पाठवतोय आणि "लहान कर" हा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण कोणीतरी फायरवॉलमध्ये आयसीएमपी, म्हणजे असे निरोप नेणारी पद्धत, सरसकट बंद केलं असणार. पिंग छोटं असतं म्हणून जातं, रिपोर्ट मोठा म्हणून अडकतो. व्हेंडरला सांगा, दोन्ही राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचं कमाल माप) १३८० ला बांधा. एका ओळीचं काम आहे.

आणि टॅलीचं फोल्डर टनेलवरून शेअर करून उघडू नका. इतक्या फेऱ्यांत ते रांगतं, आणि मध्येच लाइन गेली तर डेटा बिघडायची भीती. टॅली सर्व्हरवरच चालू द्या, सिन्नरहून रिमोट डेस्कटॉपने त्यात बसा, पण टनेलमधून. एकाच वेळी चार जण बसणार असतील तर साधं विंडोज पुरणार नाही, विंडोज सर्व्हर आणि त्याचे रीतसर परवाने लागतील. हा खर्च मालकांना आधीच सांगा.

सातपूरकर

१३८० केलं. रिपोर्ट आला! व्हेंडर आता म्हणतो त्यालाही तोच संशय होता. ३३८९ बाहेरून बंद केलं, मोबाईलच्या नेटवरून तपासून बघितलं, लागत नाही. मालकांच्या लॅपटॉपला आणि फोनला वेगवेगळ्या किल्ल्या दिल्या आहेत. परवान्यांचा आकडा अजून सांगितलेला नाही, महिनाअखेर होऊ दे.

तांबडा_रस्सा

भारीच. आता एक माझा प्रश्न. आमच्या गोडाऊनच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारा डबा) मोबाईलवर दिसावा म्हणून पोर्ट उघडून दिलंय. ते पण यातच येतं का?

वायरमन

यातच येतं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच डीव्हीआर आणि कॅमेरे, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले, लाखांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या, कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बऱ्याच साइट काही तास कोलमडल्या. पोर्ट बंद करा, राउटरवर वायरगार्ड घ्या, फोनमध्ये त्याचं ॲप टाका आणि डीव्हीआरच्या ॲपमध्ये त्याचा खासगी पत्ता द्या. राउटर कोणता आहे ते मॉडेलसकट लिहा. आणि पासवर्ड इथे लिहू नका, पेठकर आहेत.